येऊरच्या पाड्यांवर: डोंगरावरच्या गावाला जाताना

ठाण्यात येऊर म्हटलं की बहुतेकांना ढाबे, पावसाळी धबधबे आणि बंगल्यांवरच्या वाढदिवसाच्या पार्ट्या आठवतात. येऊर हे एक गाव आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत, हे उपवनच्या तलावावर रोज फिरायला येणाऱ्या कितीतरी ठाणेकरांच्या गावीही नसतं. म्हणून यंदा पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही काही जण ठरवून गावच बघायला गेलो. आमच्या गटातल्या एका ताईंची येऊरच्या एका कुटुंबाशी जुनी ओळख आहे. गावदेवीच्या मंडईबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या आजींशी भाजी घेता घेता ती जुळली. त्या आजींनीच, "मंडईत काय बोलायचं, घरी या," असं बोलावलं होतं. मागून कोणाला जायचं असेल तर पहिली सूचना हीच: ओळख काढून, आधी कळवून जा. गावात कुणाच्या अंगणात नुसतं शिरणं बरं दिसत नाही, आणि ओळखीने गेलात तर जे दिसतं ते रस्त्यावरून कधीच दिसत नाही.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस थेट येऊरला जाते, अगदी पाटोणापाड्यापर्यंत. फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे निघण्याआधी वेळ विचारून घ्यावी आणि परतीची वेळ चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी. आम्ही जाताना उपवनपर्यंत रिक्षाने गेलो आणि पुढे पायी चढलो. सकाळी साडेसहाला चढायला लागलं तर रमतगमत दीड तासात वर पोहोचता येतं. स्वतःची गाडी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, आणि हाच रस्ता पाड्यांवरच्या मुलांचा शाळेत जायचा रस्ता आहे.

उपवन सोडलं की थोड्याच अंतरावर वन विभागाची चौकी लागते. तिथून आत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. या उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं उद्यान म्हणून ते ओळखलं जात असलं तरी त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात आहे, आणि येऊर हे त्याचं ठाण्याकडचं दार. चौकीवर पिशव्या तपासतात. तपासू द्याव्यात. दारू, स्पीकर, थर्माकोलच्या ताटल्या, काही नेऊ नये. शुल्क मागितलं तर द्यावं आणि पावती घ्यावी. रात्री बाहेरच्या गाड्यांना वर सोडण्यावर बंधनं असतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत खाली येण्याच्या बेतानेच जावं. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हिंडणं हा गुन्हा आहे. गावात जाणारा डांबरी रस्ता सोडून पायवाटेने आत जायचं असेल तर वन कार्यालयाची परवानगी हवी. "थोडंसंच आत जाऊन येतो" हे चालत नाही.

चढणीवर हवेत पहिला बदल जाणवतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर. खालचा घोडबंदर रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि ऐन, साग, कळंब, पळस यांची दाटी सुरू होते. त्या सकाळी नवरंगाची शीळ सतत ऐकू येत होती. दोन सुरांची, स्वच्छ. हा पक्षी पावसाच्या तोंडावर वीण करायला इथे येतो आणि जूनमध्ये पहाटे हमखास ऐकू येतो. दिसणं मात्र नशिबाचं. वाटेत हवाई दलाचं केंद्र लागतं. तिथे थांबू नये, फोटो काढू नयेत. डोंगरावर मामा-भांजे दर्गाही आहे. भाविकांची तिकडे वर्दळ असते, पण आम्ही त्या बाजूला गेलो नाही.

एका वळणावर झाडी उघडते आणि खाली ठाणं दिसतं. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर लोकसंख्या असलेलं शहर, टॉवरच्या रांगा, त्यापलीकडे खाडी आणि खाडीपार पारसिकचा डोंगर. इथे उभं राहिलं की या भूभागाची रचना नीट समजते. ठाणे, मुंबई उपनगर आणि हा मधला डोंगर मिळून जुनं साष्टी बेट. पूर्वेच्या काठावर ठाणे बंदर, मध्ये जंगलाची पाठ, आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा डोंगर दोन गजबजलेल्या बंदरांच्या मध्ये होता. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं, १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली. खाली राज्यं बदलत राहिली. वर पाड्यांवर भात, नाचणी, शिकार, मोह, मध आणि लाकूडफाटा यांवर जगणारी माणसं होती. त्यांची नोंद कुठल्या बखरीत नाही. शहराच्या इतिहासावर लिहिताना आपण किल्ला आणि रेल्वे लिहितो आणि हा डोंगर सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

येऊर हे एकसंध गाव नाही. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा असे पाडे झाडीत विखुरलेले आहेत. वस्ती मुख्यतः आदिवासींची, त्यांत वारली बरेच. पाड्यांच्या मध्ये भाताची खाचरं. आम्ही पोहोचलो तेव्हा आवणासाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, जमीन तयार करण्याचं काम चाललं होतं. आजींचा मुलगा चिखलाचे पाय घेऊनच आम्हाला घ्यायला रस्त्यावर आला. "दादा, कामात खोळंबा झाला का तुमचा?" असं विचारल्यावर म्हणाला, "पाऊस थांबलाय तोवर बसून काय करू? तुम्ही या, आई वाट बघते."

घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढची खोली विटांची, वर पत्रा. मागची बाजू अजून कुडाची. ही कुडाची भिंत मी जवळून पाहिली. कारवीच्या बोटाएवढ्या जाड काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांनी बांधलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी शेण-मातीचा लेप. एका जागी लेप सुटला होता, तिथून काठ्यांची घट्ट रांग दिसत होती आणि फटीतून आतला धूर सावकाश बाहेर येत होता. या फटी घरासाठी चांगल्या, असं आजींनी सांगितलं. चुलीचा धूर कोंडत नाही आणि माळ्यावरच्या बियाण्याला कीड लागत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा सगळे मागच्या खोलीत येऊन झोपतात.

कारवी हे या डोंगराचं विशेष झाड. झुडूपच ते, पण सात वर्षं नुसतं वाढतं आणि आठव्या वर्षी एकदाच जांभळं फुलतं. बी धरलं की वाळून जातं. या डोंगररांगांत ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढचा बहर २०३२ च्या पावसाच्या अखेरीस धरायला हरकत नाही. फुलून वाळलेल्या काठ्याच घरांना वापरायच्या, म्हणजे झाडाचं आयुष्य पुरं झाल्यावरच घराला सामान मिळायचं. आता राष्ट्रीय उद्यानातून काठी तोडून आणता येत नाही, त्यामुळे कूड खराब झाला की विटा आणि पत्रा येतो. वन राखायचं तर तोड थांबवायला हवी, हे मला पटतं. पण त्या नियमाची किंमत याच घरांनी मोजली आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

आजींनी आमच्यासाठी शेवळं ठेवली होती. पहिल्या सरी पडल्या की जंगलात जमिनीतून हे कोंब वर येतात आणि दोन-तीन आठवडेच मिळतात. शेवळं निवडणं हे जोखमीचं काम. वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, कारण त्यानेच घशाला खाज सुटते, आणि उरलेलं बारीक चिरायचं. मग ते काकडांबरोबर शिजवायचं. काकड हे झाड वेगळं, त्याची हिरवी आंबट फळं शेवळांच्या वेळीच तयार होतात. त्यांच्या आंबटपणाने खाज मरते. मंडईत शेवळांच्या जुड्यांशेजारी काकडांचे वाटे असतात ते याचसाठी. आजी एकेक शेवळ बोटांत फिरवून, पिवळा भाग अचूक तिथेच मोडून बाजूला टाकत होत्या. आमच्या ताईंनी हात लावायला घेतल्यावर त्यांनी हसून थांबवलं. "तू खा फक्त. खाजलं तर माझ्या नावाने बोंबलशील." त्यांनी त्यात वाल घातले होते. तांदळाची भाकरी, ती भाजी आणि मीठ लावलेली करवंदं. त्या जेवणाबद्दल याहून जास्त लिहिणं मला जमणार नाही.

इथे मागून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पाड्यावर जेवायचं ठरवलंत तर दोन दिवस आधी सांगा, माणशी किती द्यायचे ते आधीच मोकळेपणाने विचारा आणि तेवढे द्या, घासाघीस करू नका. रानभाजी पहाटे जंगल तुडवून आणावी लागते. गावदेवी किंवा जांभळी नाक्याला ती जुडी हातात घेऊन आपण पाच रुपयांवर अडून बसतो, तेव्हा तिच्यामागचं हे चालणं डोळ्यांसमोर असायला हवं. पावसाळ्यात पुढे टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी अशा भाज्या क्रमाने येत राहतात. गौरी-गणपतीपर्यंत बायकांच्या पाट्या भरलेल्या असतात.

जेवणानंतर दादांनी आम्हाला पाड्याच्या शिवेवरचा वाघोबा दाखवला. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघाची आकृती. वर सूर्य आणि चंद्र. शेजारी विझलेली उदबत्ती. वारल्यांच्या देवांत धान्य देणारी कणसरी आहे, पाऊस आणणारा नारनदेव आहे, हिरवा आहे, हिमाय आहे, आणि वाट राखणारा वाघोबा आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याला मान दिला जातो. तू आमच्या गुरांना हात लावू नकोस, आम्ही तुझी वाट अडवणार नाही, असा तो करार. फोटो काढायचा होता, तर दादा म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत. काढा, पण चप्पल काढून." बिनविचारता देवाचे आणि माणसांचे फोटो काढणारे इथे रोज येतात, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

बिबट्याबद्दल लिहायलाच हवं, कारण शहरातल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. या उद्यानात आणि त्याच्या कडेच्या भागात चाळिसाहून अधिक बिबटे कॅमेऱ्यांत नोंदले गेले आहेत. एवढ्याशा क्षेत्रात एवढे बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. २००४ च्या सुमारास इथे माणसांवर हल्ल्यांची मोठी लाट आली होती. त्या काळात वस्तीजवळ दिसलेला बिबट्या पिंजऱ्यात पकडून दुसऱ्या जंगलात नेऊन सोडण्याची पद्धत होती. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून लक्षात आलं की या हलवाहलवीने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येऊन राहतो. पुढे वन विभागाने पकडापकडी आवरली आणि लोकांना बरोबर घेऊन काम सुरू केलं, त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्या येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री वाढतात कचऱ्यामुळे. म्हणजे ढाब्यामागे टाकलेली हाडं आणि आपण गाडीतून भिरकावलेलं वेफर्सचं पाकीट यांचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. खरकटं, पाकिटं, बाटल्या, सगळं पिशवीत भरून खाली घेऊन यावं. लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवावं, पुढे धावू देऊ नये. संध्याकाळनंतर झुडपांच्या कडेला बसू नये, वाकून काही शोधत राहू नये. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. उभं राहून, आवाज करत, हळूहळू मागे सरकावं.

दादा म्हणाले, "आम्हाला बिबट्याचं एवढं भय नाही. त्याचा रस्ता माहितीये. शनिवारी रात्री खालून येणाऱ्या गाड्यांचा रस्ता माहीत नाही." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, साधं सांगितलं. पण ऐकताना आम्ही सगळे गप्प झालो.

आता बंगल्यांबद्दल. रस्त्याने चालताना उंच कंपाउंडच्या भिंती, लोखंडी फाटकं, आतून येणारा गवत कापायच्या यंत्राचा आवाज हे लागतंच. १९८२ मध्ये १ ऑक्टोबरला ठाणे महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. आज येऊरला ग्रामपंचायत नाही. घराचा दाखला, पाणी, दिवा, शाळा यांसाठी महापालिकेकडे जायचं आणि झाड, वाट, कुंपण यांसाठी वन विभागाकडे. एकाच अंगणाचे दोन मालक. कायद्यांची कमतरता नव्हती. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे सहज जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहे, १९७५ चा खासगी वने संपादन कायदा आहे. तरीही गेल्या काही दशकांत या डोंगरावर बंगले उभे राहिले, मग हॉटेलं, मग रात्रभर दिवे लावून चालणारी टर्फ मैदानं. उद्यानातल्या अतिक्रमणांवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आदेश दिले, येऊरच्या बांधकामांचे वाद त्यानंतरही न्यायालयात जात राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचा पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा नकाशा अधिसूचित झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिच्यावर हक्क मागता येतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. तो कायदा ग्रामसभेच्या पायावर उभा आहे, आणि महापालिकेच्या हद्दीतल्या पाड्याला ग्रामसभा कुठून आणायची, ही अडचण शहरालगतच्या अशा वस्त्यांना भोवते. हे सगळं एकत्र मांडलं तर लक्षात येतं की या डोंगरावर सर्वांत जुनं राहणं ज्यांचं, त्यांनाच कागद दाखवायला सर्वांत जास्त धावावं लागतं. मला हे मान्य नाही, आणि येऊरबद्दल लिहिताना ते न लिहिणं बरोबर होणार नाही.

सगळेच बंगलेवाले वाईट, असं मात्र म्हणता येणार नाही. तिथे राहून झाडं जपणारे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे, कर्ण्यांविरुद्ध पोलिसांत जाणारे रहिवासीही आहेत. रात्रीच्या गोंगाटाविरुद्ध पाड्यावरचे आणि बंगल्यातले लोक एकत्र उभे राहिल्याचं आम्हाला तिथल्या दोघा-तिघांनी सांगितलं. विवेकानंद बालकाश्रमासारखी मुलांच्या शिक्षणासाठी चालणारी संस्थाही याच डोंगरावर आहे. मदत द्यायची असेल तर जुने कपडे नेऊन टाकण्यापेक्षा अशा ठिकाणी आधी फोन करून काय हवं ते विचारावं.

पाड्यावरून परतताना रस्त्यालगतच्या एका घराच्या भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगाने काढलेली चित्रं दिसली. लग्नघर होतं ते. मधोमध चौक, चौकात पालघट ही लग्नाची देवी. ही चित्रं सवाष्ण बायका काढतात, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच असते. आपण रेल्वे स्टेशनांच्या भिंतींवर आणि कपांवर वारली चित्रं बघतो ती सगळी या चौकातून निघालेली. त्यांना जगभर नेणारे जिव्या सोमा मशे डहाणूकडच्या गंजाडचे, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो मुलूख २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. येऊरचा वारली आणि डहाणूचा वारली यांच्यात सोयरिकी आजही होतात. आजींची सून तिकडचीच.

उतरताना दादांनी मानपाड्याच्या दिशेला हात केला. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम तिकडे आहे. भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं, रस्त्याची एकूण लांबी सुमारे बारा किलोमीटर, त्यातले दहाहून जास्त या डोंगराच्या पोटातून. घोडबंदरला तासन्‌तास अडकणाऱ्याला तो बोगदा हवाच आहे, मीही त्यातलाच. पण वरच्या विहिरींचं पाणी डोंगराच्या भेगांतून येतं, आणि काही विहिरी मार्च-एप्रिलमध्येच तळ गाठतात. "खालून भोक पाडल्यावर वरचं पाणी कुठे जाईल?" हा दादांचा प्रश्न पाड्याच्या बाजूने अगदी रोकडा आहे. त्याचं उत्तर त्यांना त्यांच्या भाषेत, पाड्यावर येऊन कोणीतरी द्यायला हवं.

जाण्याच्या हंगामाबद्दल शेवटचं. जूनचा पहिला पंधरवडा रानभाज्या आणि नवरंगासाठी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांसाठी जी गर्दी लोटते तिच्यात जाऊ नये. ओढे वरच्या पावसाने एकाएकी फुगतात, दरवर्षी बुडून माणसं जातात, आणि त्या दिवसांत प्रशासनाची बंदीही असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भात पिवळं पडतं तेव्हाचं येऊर मला सर्वांत आवडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी बघणाऱ्यांचा हंगाम, दुर्बीण न्या. मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात, मोहाचा वास येतो, पण तेव्हा वणव्याचा धोका असतो. काडी पेटवू नका, सिगारेट तर नकोच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर मचाणावरून प्राण्यांची गणना करतो, त्यात स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर महिनाभर आधी येऊरच्या वन कार्यालयात चौकशी करावी, जागा थोड्या असतात. रविवारी गेलात आणि दुपार मोकळी असेल तर घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघून घरी जाता येतं. बरोबर पाण्याची बाटली, पावसाळ्यात पायाला पकड देणारे बूट आणि जळवांसाठी नाही तरी डासांसाठी लांब बाह्यांचा सदरा असू द्या. पाटोणापाड्याच्या थांब्याजवळ चहा मिळतो. परतीची बस वेळेआधीही निघते, म्हणून दहा मिनिटं आधी थांब्यावर उभे राहा, आणि बसमध्ये भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका असतील तर पुढची जागा त्यांना द्या.